ताऱ्यांच्या मधली रुई

अब्बा, गुठळीचा हा राग तुम्हीच माझ्या बोटांत भरला आणि आता त्याचं फळ मी भोगून राह्यले. तुम्ही सुटलात. बाकीच्या पोरींना बाप स्वयंपाक नीट कर म्हणायचे, तुम्ही म्हणायचे रुईत गुठळी राहू देऊ नको. मंग न्हाई राहू दिली. आता घरात पोर माझ्याशी धड बोलत न्हाई, आणि मी कुणाला सांगू? तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला उर्दू लिहिता येत न्हाई. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेल्ते, तेवढ्यावर लिहिते. घरात आपल्या बोलीत जे बोललं गेलं तेही मराठीतच लिहिते, चालवून घ्या.

धावडा गावातला तो दिवस आठवतो का? लग्नाच्या गाद्या होत्या. ओसरीवर नवरीकडची माणसं चहा पीत बसलीत. मी भरलेल्या गादीवर तुम्ही डोळे मिटून तळवा फिरवता आणि एका जागी थांबता. बोलत काहीच न्हाई. खिशातून पातं काढता आणि सगळ्यांसमोर माझे टाके उसवायला लागता. आतून चिंचोक्याएवढी गुठळी काढून माझ्या हातावर ठेवता. ‘ही नवरीच्या पाठीला रोज सांगत बसंल, पिंजाऱ्याची पोर झोपा काढत होती.’ बाया हसल्या. मी ती गुठळी मुठीत धरून जाफराबादपर्यंत जीपमध्ये मान खाली घालून बसले. तेव्हापासून गुठळी लागली की माझा हात थांबत न्हाई. कुणाकडे बसायला गेले तरी आधी त्यांची गादी चाचपते. तुमचा जावई म्हणतो, हिला जन्नतमध्ये नेलं तरी ही आधी तिथल्या गाद्या उसवील.

माझी धाकटी आता नववीत आहे. तुम्ही गेल्यावर झालेली, तुम्ही पाहिली न्हाई. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती आपल्या गाद्यांच्या दुकानातली वाया गेलेली रुई मागायला लागली. काय करती म्हटलं तर म्हणे, दोन ताऱ्यांच्या मधे काय असतं ते दाखवायचंय. मी म्हटलं, काय असणार, काहीच न्हाई, अंधार. तर म्हणे तसं न्हाई अम्मी, तिथं गॅस असतो आणि धूळ असते, इतकी विरळ की आपल्या एका श्वासातली हवा त्याच्यापुढं भरलेल्या पोत्यासारखी. आभाळातल्या दुधाळ पट्ट्यात मधेच काळं दिसतं ते भोक न्हाई, तिथं धुळीचा ढग आहे, मागचे तारे झाकून बसलेला. विरळ धूळ असली तर निळा उजेड वाटेतच विखरून जातो, तांबडा तेवढा पार होतो, जीपनं उडवलेल्या फुफाट्यातून मावळतीचा सूर्य दिसतो तसा. मी हूं हूं करत टाके घालत होते. निम्मं ऐकलं, निम्मं न्हाई. तिनं जुन्या बाजेच्या चौकटीवर काळं कापड ताणलं, रुईला चहाचं पाणी लावलं, कुठं चुलीची काजळी लावली, आणि शाळेतून आली की रोज त्याच्यापुढं बसायची.

रविवारी ती शिकवणीला गेली आणि मी ते उजेडात पाहिलं. अब्बा, काय सांगू. कुठं घट्ट गोळे, कुठं लांब दोऱ्यासारखं ओढलेलं, कुठं नुसती भोकं. मला एवढंच दिसलं की शनिवारी तालुक्याची माणसं हे पाहतील आणि म्हणतील, पिंजाऱ्याच्या घरची पोर आणि हिला रुई पिंजता येत न्हाई. मी सगळं उचकटलं, पिंजायच्या मशीनमध्ये घातलं, करडी एकसारखी रुई काढली आणि कापडावर अशी पसरली की बोट फिरवलं तर कुठं अडकू नये. भोकं बुजवली. शेजारणीला हाक मारून दाखवलं सुद्धा. ‘बघ, पोरीला काय, फोडणीतल्या मोहरीसारखी घाई. आता कसं बराबर झालं.’

ती आली. दप्तर खांद्यावरच होतं. ओरडली असती तर मीही ओरडले असते, ते मला जमतं. ती हळूच म्हणाली, ‘अम्मी, गुठळ्या कुठं गेल्या?’ मी म्हटलं, काढल्या. ती म्हणाली, ‘त्यांच्यातच तारे होतात. ढग थंड पडला की कुठं कुठं आपल्याच वजनानं आत दबतो, दबून दबून तापतो, मंग पेटतो. पेटला की भवतीचा गॅस ढकलून देतो, ती भोकं त्याचीच होती.’ मंग कापडाकडं बघून म्हणाली, ‘तू केलंय तशा आभाळात कधीच काही होणार न्हाई.’ दप्तर ठेवून हातपाय धुवायला गेली. शेजारीण अजून दारातच उभी होती. मला धावड्याची ओसरी आठवली. फरक एवढाच की या वेळी पातं माझ्या हातात होतं.

तेव्हापासून गुठळ्या करून राह्यले. ओल्या बोटांनी वळल्या तर कणकेच्या गोळ्यांसारख्या दिसतात. तुमचा जावई म्हणतो, आता त्याला मीठ लावून तव्यावर टाक. पोर पाहते आणि म्हणते, ‘राहू दे, मी बाईंना सांगते, माझं झालं न्हाई.’ पिंजलेल्या रुईत गुठळी परत कशी आणायची, हे तुम्ही शिकवलंच न्हाई. ती हातानं होत न्हाई, एवढं मला आता कळलं. माणसाच्या वजनानं, गारव्यानं, वर्षं जाऊन आपोआप होते. तशा गुठळ्या घरात एकाच जागी आहेत. तुमच्या गादीत.

ती मी अजून उसवली न्हाई. दर साली म्हणते, लोकांच्या गाद्यांतून सवड मिळत न्हाई. ते खोटं आहे. तुमच्या पाठीचा खळगा तिच्यात अजून आहे, कडेनं गुठळ्या आहेत, आणि गिऱ्हाईक नसलं की मी तिथं हात फिरवते. जगातली एवढी एकच गादी आहे जी मला पिंजवत न्हाई. हे पोरीला सांगायची लाज वाटते. तिला मी काय केलं त्याची तर अजून जास्त.

प्रदर्शन शनिवारी आहे. रुई लावायला तिला शुक्रवार पूर्ण लागंल. म्हणजे गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मला सांगा, तुमची गादी तिच्यासाठी उसवू का नको. गप्प राहिलात तर त्याला मी हो समजणार न्हाई, आधीच सांगते. तुम्ही उसवायचे ते गप्प राहूनच. गुरुवारपर्यंत तोंडानं सांगा.