मुली मोज, तुकड्या नको

सिस्टर,

तुम्ही मराठी शिकलात ती नांदेडच्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात, स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडून. त्यामुळे वर्गात इंग्रजी, आणि रागावताना मावशींची बोली. नववीत असताना शाळेच्या फळ्यासाठी वर्षाच्या हजेरीची टक्केवारी काढून मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही मावशींबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसला होतात. मी तिन्ही तुकड्यांच्या टक्केवाऱ्या मिळवून तिनाने भागल्या होत्या. एका तुकडीत निम्म्याच मुली होत्या हे लक्षातच घेतलं नव्हतं. तुम्ही कागद परत दिलात. "बाई, मुली मोज की. तुकड्या कशाला मोजून राहिली?" मावशी हसल्या, मी रडले. मग तुम्ही ओंजळभर कोवळे दाणे माझ्या हातात ठेवलेत.

आता मी लातूरला एका शिकवणी वर्गात रिपोर्ट तयार करते. केस पिकलेत, पण काम नव्या सॉफ्टवेअरवरचं. त्यात सारखं ठरवावं लागतं, हिशेब कुठं करायचा. माहिती आत येतानाच प्रत्येक ओळीपुढं टक्केवारी काढून ठेवायची, की गुण तसेच राहू द्यायचे आणि कुणी विचारेल तेव्हा, विचारेल तेवढ्याचाच हिशेब होऊ द्यायचा. मी प्रत्येक चाचणीची टक्केवारी आधीच काढून रकान्यात ठेवली. रिपोर्ट झटकन उघडू लागला, वर्ग चालवणारे सर खूश झाले. रिपोर्ट मात्र त्या टक्केवाऱ्यांचीच सरासरी काढत होता.

इस्लापूरकडची एक तरुण मुलगी आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवायची. मागं पडलेल्या चार-पाच पोरांना ती संध्याकाळी थांबवून घ्यायची, त्यांच्या वेगळ्या चाचण्या घ्यायची. त्या इवल्याशा, कमी गुणांच्या चाचण्यांना माझ्या रकान्यात अख्ख्या वर्गाच्या चाचणीइतकंच वजन मिळालं. रिपोर्टमधल्या शिक्षकांच्या यादीत ती तळाला गेली. सरांनी तिला पुढच्या सत्रापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ती निरोप घ्यायला माझ्या टेबलापाशी आली तोवर मला चूक दिसली होती. ती वाकून पाया पडली. म्हणाली, "मॅडम, माझंच कुठंतरी चुकलं असंल. लई जीव लावला होता हो पोरांना." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं गं असं. पुढच्या ठिकाणी सांभाळून राहा." सिस्टर, मी तिला सांभाळून राहा म्हणाले.

ती गेल्यावर मी तो रकाना काढून टाकला. आता सगळ्या मुलांचे गुण एकत्र घेऊन, कुणी विचारेल तेव्हाच टक्केवारी निघते. मागच्या सत्राचं पान पुन्हा उघडलं. ती वरून दुसरी होती. सर म्हणाले, रिपोर्ट हल्ली जरा हळू उघडतो. मी म्हटलं, इंटरनेटमुळं असेल.

तुम्ही असता तर धावत येऊन सगळं सांगितलं असतं, असं लिहायला बसले होते. ते खरं नाही. तुमच्यासमोर माझं तोंड उघडलं नसतं. तुम्ही नाही आहात आणि हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहू शकले. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. ती रोज सकाळी मला सुविचार पाठवते, आणि मी जोडलेले हात पाठवते.