मागच्या बाजूचा चौथा स्क्रू

सोमवार, ४ मार्च

गिळलं! झेरॉक्स मशीनने लेकीचं पदवीचं प्रमाणपत्र गिळलं. मूळ प्रत. सही-शिक्क्यासकट.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. म्हटलं, मिनिटाचं काम. घरात एक प्रत असावी, एवढंच. काचेवर ठेवायला हवं होतं, पण जाडजूड झाकण उचलायचा कंटाळा! झाकणाच्या डोक्यावर कागद आपोआप ओढणारा ट्रे आहे, त्यात सरकवलं. अर्धं गेलं, करकर वाजलं – आणि मी ओढलं. ओढायचं नसतं हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे, रोज कोणाला ना कोणाला ओरडून सांगते. कागद तिरका झाला आणि रोलरखालच्या फटीतून सुळकन आत. आता नखाएवढा निळा कोपरा दिसतोय. चिमट्याने धरायला गेले तर तोही थोडा आत सरकला.

आणि मशीनच्या बरोबर वर भिंतीवर सूचना – 'खासगी कागदांच्या प्रती काढणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' टाईप कोणी केली? मी. लॅमिनेट करून चिकटवली कोणी? मी. गेल्याच महिन्यात आवक-जावकच्या विश्वकोशाला (खरं नाव इथेही लिहिणार नाही, त्याला जगातलं सगळं माहीत असतं एवढं पुरे) सोसायटीच्या नोटिसांच्या प्रती काढताना रंगेहाथ पकडून मेमो दिला, तो हेडक्लार्क बाईंनी. म्हणजे मीच!

पुढच्या सोमवारी तिला मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचंय. मूळ प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आत घेणार नाहीत. विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळायला सहा आठवडे.

मेकॅनिक बोलवायचा तर तो अडकलेला कागद अहवालाला टाचून साहेबांच्या टेबलावर ठेवणार. मग सरळ केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, मशीन अडकलंय, बाहेरचा माणूस कशाला, मीच उघडून बघते. साहेब चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. त्यांनी म्हणे नुकताच घरचा पंखा स्वतः दुरुस्त केला. पंखा चालतो का ते मी विचारलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून आपलेपणावर सात मिनिटं भाषण ठोकलं. उदाहरण – मी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्या निळ्या कोपऱ्याकडे.

ट्रेखालची पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली आहे. तीन समोर, ते दहा मिनिटांत निघाले. मनात म्हटलं, हेच काम करायला ते मेकॅनिक एवढा भाव खातात! चौथा मागच्या बाजूला, दोन बिजागऱ्यांच्या मधल्या बोळात, बोटभर खोल. स्क्रू ड्रायव्हर आत जातो, पण त्याची मूठ बिजागरीला आपटते. सरळ धरता येत नाही. तिरका धरला की घसरतो. हा स्क्रू तिथे बसवणाऱ्याला एकदा भेटायचंय.

विश्वकोश दर अर्ध्या तासाने येऊन मागे हात बांधून उभा राहतो. या जातीचे स्क्रू उलटे फिरतात म्हणाला. मी उलटा फिरवला. आणखी घट्ट बसला.

घरी लेकीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, 'जाऊ दे ना आई. नाही निघालं तर नाही निघालं.' आणि दोन घास जास्तच जेवली! आजकालच्या पोरींना कशाचं काही म्हणून वाटत नाही.

बुधवार, ६ मार्च

नवा लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. मशीनच्या आत पडला.

बुधवारच, संध्याकाळ

दोऱ्याला लोहचुंबक बांधून काढला. पाऊण तास लागला. त्या वेळात साहेब दोन पाहुण्यांना घेऊन आले आणि लांबूनच मला दाखवून गेले. मी मशीनवर पालथी, हातात दोरा. विहिरीतून कळशी काढावी तशी. पाहुण्यांनी मान डोलावली.

त्या स्क्रूच्या माथ्यावरची फुली आता गुळगुळीत व्हायला लागलीय. माझीच कृपा. आणखी चार वेळा घसरलं की कायमचा गेला.

घरी आले तर लेक गाणं गुणगुणत कपाट आवरत होती. निघालं का, तिने विचारलं. नाही म्हटलं. बरं म्हणाली आणि पुन्हा गाणं! मी इथे पोरीसाठी कोपरं सोलून घेतेय आणि ही गातेय. फार बोलले तिला. तुला तुझ्या आयुष्याची पडलेली नाही, वगैरे. तिचं गाणं थांबलं. वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही.

हे गेले तेव्हा तेराव्या दिवशीच मोठी जाऊ दुसरीला म्हणाली होती, आता पोर कसली कुठे जातेय, आईच्या पदराला बांधलीच समज. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तेव्हाच ठरवलं, मी पोरीच्या पायात पाय घालणारी आई व्हायचं नाही. या नोकरीची जाहिरात मी शोधली. अर्ज मी भरला. तिने फक्त सही केली. ती गेल्यावर हे घर मला खायला उठेल, ते माझं मी बघेन. जाईल तेव्हा जावेला फोन करून सांगणार आहे, नाकावर टिच्चून.

गुरुवार, ७ मार्च

शेवटी धाकट्या दिरांना फोन केला. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाले, 'वहिनी, हात किती वाकवाल? हात वाकवूच नका. स्क्रू तुमच्यासमोर येईल असं झाकण वळवा.'

झाकण म्हणे एका मर्यादेपर्यंतच उघडतं, कारण बिजागरीजवळ एक छोटी अडणी असते. ती काढली की झाकण पार मागे पडतं आणि लपलेला स्क्रू वर तोंड करून समोर येतो. अकरा वर्षं मी त्या झाकणाला हात लावतेय! मला वाटायचं, ते तेवढंच उघडतं.

माथा गुळगुळीत झाला असेल तर रबर बँडचा तुकडा मध्ये घालून दाबायचं आणि हळू फिरवायचं, हेही सांगितलं. हीच युक्ती विश्वकोशाने मंगळवारी सांगितली होती. मी त्याला स्वतःचं टेबल झाडायला सांगितलं होतं. असो.

एकच अडचण. अडणी काढली की झाकणाचं सगळं वजन बिजागरीवर येतं, कोणीतरी धरून उभं राहायला हवं. उद्या शिपाई रजेवर. टंकलेखक बाईंची कंबर धरलीय. साहेबांना सांगितलं तर ते भाषणच करतील.

उरला तोच.

शुक्रवार, ८ मार्च

निघालं!

जेवणाच्या सुट्टीत विश्वकोशाला म्हटलं, जरा हात लावा. त्याने डबा बाजूला ठेवला आणि आला. काही विचारलं नाही, हेच नवल. अडणी काढली, झाकण मागे गेलं, त्याने छातीशी धरलं. आणि तो स्क्रू – चार दिवस मला छळणारा – समोर, उजेडात, एवढासा! रबर बँड विश्वकोशाच्याच खिशातला. दाबलं, फिरवलं, घसरलं. पुन्हा दाबलं. कर्र झालं आणि सुटला. पट्टी उचलली. खाली प्रमाणपत्र, घडी पडलेलं, एका कडेला काळा पट्टा. पण अख्खं!

जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी लक्षात आलं, त्याच्या नाकासमोर आहे ते. त्याने नाव वाचलं. आडनाव वाचलं. मग मान वर करून भिंतीवरची सूचना वाचली. सावकाश, पूर्णविरामापर्यंत.

'बाई,' तो म्हणाला, 'एक प्रत काढून देऊ? काचेवर ठेवून.'

तोंडात मारल्यासारखं झालं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली! त्याने खरंच काढून दिली, स्वच्छ, सरळ. तेवढ्यात साहेब आले, काय अडकलं होतं विचारू लागले. जुनं परिपत्रक, साहेब, असं विश्वकोश म्हणाला. साहेबांनी ते फाईलला लावायला सांगितलं आणि मला प्रशस्तिपत्र जाहीर केलं. ते टाईप मलाच करायचंय.

पाच वाजता विश्वकोशाचा मेमो त्याच्या फायलीतून काढला आणि फाडला. त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत असणारच.

शनिवार, ९ मार्च

प्रमाणपत्रावर जाड फडकं घालून इस्त्री फिरवली. घडी जवळजवळ गेली. सगळ्यात वर ठेवावं म्हणून लेकीची बॅग उघडली. रिकामी. उद्या गाडी आणि एक रुमालसुद्धा भरलेला नाही.

ती दारात उभी होती. माझ्या हातातला कागद बघून मटकन खाली बसली.

'मला वाटलं, ते निघणारच नाही,' म्हणाली. 'चार दिवस किती आनंदात होते गं मी.'