पुढचं दिसेना तेव्हा

आप्पा, मागच्या महिन्यात माझ्यामुळे एका मुलीचे दोन्ही पाय मोडले. घरातले म्हणतात, तुझ्यामुळे नाही. रेसची चौकशी झाली, तिथेही कोणाचीच चूक धरली नाही. पण तुम्ही असतात तर तुम्हाला आधी हेच सांगितलं असतं, म्हणून इथूनच सुरुवात करतो.

माझी गाडी तुम्हाला कधी गाडी वाटलीच नाही. चाकं उघडी, वर टप नाही, बसायला एकट्यालाच जागा. तुम्ही एकदाच रेस बघायला आलात, कोइमतूरला, आईने बांधून दिलेल्या दशम्या घेऊन. मी सातवा आलो. माझं हेल्मेट हातात तोलत तुम्ही विचारलंत, "पयला आला तो पोरगा कोणाचा?" मी म्हणालो, "एका मिलवाल्याचा." परतीच्या प्रवासात, नाशिक जवळ आल्यावर म्हणालात, "सातवा काय वाईट नाय. पण घरी येत जा." पुढच्या वर्षी तुम्हीच गेलात. मी मात्र सातवाच येत राहिलो. कधी पाचवा, एकदा तिसरा. कोणा टीमचा ड्रायव्हर आजारी पडला, कोणाचं त्याच्याशी फिसकटलं, की मला फोन येतो आणि मी सातपूरच्या घरातून बॅग उचलून निघतो. एरवी लोकांच्या मुलांना रेसची गाडी चालवायला शिकवतो. चाळिशी उलटून गेली, सगळी मला सर म्हणतात.

ती मुलगीही माझ्याकडेच शिकलेली. देवळ्याची, कांद्याच्या व्यापाऱ्याची लेक. त्या दिवशी ट्रॅकवर पाऊस होता. मी पुढे, ती माझ्या मागे. सरळ रस्त्यावर माझ्यापुढच्या गाडीने एवढं पाणी उडवलं की समोर नुसतं पांढरं झालं. तिथे कोणी वेग कमी करत नाही, कारण मागच्याला ते कळत नाही. हे मीच तिला शिकवलंय. पण मला सुरगाण्याचा घाट दिसला. शाळेला सुटी आहे, मी तुमच्या एसटीत पुढे बॉनेटवर बसलोय, काचेबाहेर धुकं आहे आणि मागून कोणीतरी ओरडतंय, "ओ ड्रायव्हर, बैलगाडी हाकता का काय?" तुम्ही मागे वळूनसुद्धा बघत नाही. मला म्हणता, "पुढचं दिसत नाय ना, मंग पाय उचलायचा. लोकं शिव्या देतील, देऊ दे." माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला गेला. तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकावर चढलं आणि तिची गाडी माझ्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आदळली.

अख्ख्या नोकरीत तुमच्या गाडीतल्या एका माणसाला खरचटलं नाही. तुमची तीच सवय माझ्या पायात उतरली, आणि त्या सवयीने हे केलं. यात तुम्हाला दोष देता येत नाही, आणि मला झोप येत नाही.

आता तिला नाशिकच्या दवाखान्यात आणलंय. मी गेलो तर तिच्या वडिलांनी उठून मला स्टूल दिलं. "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," म्हणाले आणि चहा आणायला गेले. ते गेल्यावर तिने विचारलं, "सर, पाय उचललात ना?"

"हो. काही दिसत नव्हतं."

"मला तर काहीच दिसत नव्हतं. तुमचा मागचा लाल दिवा तेवढा. सर जातायत म्हणजे पुढं मोकळं असेल, असं धरलं मी."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिचे वडील चहा घेऊन आले आणि मी तो प्यायलो.

काल टीमवाल्याचा फोन आला होता, पुढचा सीझन करणार का म्हणून. तुमच्या सुनेने मी गाडी सोडली असं गृहीत धरलंय, माहेरीही तसं सांगून टाकलंय. पुन्हा तसाच पाऊस आला तर माझा पाय उचलला जाईल का, मला माहीत नाही. उचलावा की नाही, तेही कळत नाही. हा कागद मी कोणाच्या हाती लागू देणार नाही. कारण टीमवाल्याला मी हो म्हणालो, आप्पा, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालो.