आरूच्या पाटावरचा धूर

४ नोव्हेंबर, मंगळवार
ग्रामपंचायतीत सभा. मी सगळ्यात आधी हात वर केला अन् मंग विचारलं, कशासाठी वर करायचा ते. सगळ्या हासल्या. हासू द्या.

नागपूरच्या कॉलेजातून पोरगी आलती, स्नेहल नावाची. पायात बूट, पन डोक्याले तेल चोपडलेलं, म्हनून मले आवडली. चुलीच्या धुराचा अभ्यास करते. म्हने धूर किती निघते, त्यातला किती वर जाऊन हवा तापवते, किती आपल्या छातीत जाते, ते मोजायचं. गावोगाव मोजून राह्यले. ज्या घरी चूल आहे अन् लहान लेकरू आहे असे घरं पाह्यजेत. शेजारची कमल म्हने, "धूर का लग्नातले पाहुने आहे वो, कोन कुठी गेले ते मोजाले?" स्नेहल बी हासली. म्हने, "तसंच समजा, काकू."

मी माहं अन् नातीचं, आरूचं, नाव देलं. सही केली, आंगठा नाई. चौथी पास आहो मी. सुनेले, मीनाले, विचारलं नाई, घरी जाऊन सांगतलं. ती कनिक मळत होती, मळतच राह्यली.

आ. म्हनजे आरू. सकाळी छातीत घरघर. दुपारून नाई.

६ नोव्हेंबर
स्नेहल येऊन गेली. निळी वही देली, तिच्यात खाने आहेत: तारीख, काय शिजवलं, चूल का गॅस. ते त्यांची वही. ही लाल वही तिच्या झोऱ्यात उरली होती, मी मागून घेतली. तिच्यात माह्या मनचं.

आरूले इतलंसं जाकीट आनलं आहे. खिशात डबी, डबीत रुपयाएवढा गोल पांढरा कागद, डबी हवा ओढते अन् टिकटिक करते. तसंच मोठं मले. साडेचार वर्षाची पोट्टी, जाकीट घालून साऱ्या गल्लीत फिरून आली. "आजी, माही मशीन श्वास घेते!" मी तिची दृष्ट काढली. अंगनवाडीतल्या बाईले सांगतलं, माही नात अभ्यासाच्या कामावर लागली.

स्नेहल दोनदा बोलली, "आजी, रोज जसं करता तसंच करा. माझ्यासाठी काही बदलू नका." मी हौ म्हनलं.

रोज म्हनजे काय, तर पहाटे चूल पेटवाची, आंघोळीचं पानी, मंग भाकरी. आरू उठली की डोळे चोळत येते अन् तिच्या पाटावर बसते, चुलीच्या बाजूले, माह्या मांडीले टेकून. तिची पयली चानकी, लहान भाकर, मी करते, तिच्या तळहाताएवढी. जलमल्यापासून असंच. गॅस आहे घरात, पन तो चहापुरता अन् पाहुन्यापुरता. पऱ्हाटी, कापसाच्या वाळल्या काड्या, वावरातली, फुकटची. अन् गॅसवरच्या भाकरीले चव नाई. नाई म्हनजे नाईच.

९ नोव्हेंबर, रविवार
हात दुखून राह्यले. चुलीमागची भिंत खरवडली, काजळ निघालं टोपलंभर, मंग चुना मारला दोन हात. पोतेरं केलं. उद्यापासून तीन दिवस मशीन घरात राहनार. नागपूरची पोरगी, तिचे सर, अजून कोन कोन पाहतीन. आपल्या गावाचा धूर साऱ्या दुनियेत दाखवाचा का?

गल्लीत सगळ्यायले सांगून आली. आठ घरं आहेत मशीनवाले. म्हनलं, पाहुने आले की आपन गॅस पेटवतो का नाई? मंग आता तीन दिवस गॅसवर करा. लेकरं आंगनात ठेवा. कमल म्हने, "काकू, तू सरपंच झाली पाह्यजे होती." प्रकाशनं, माह्या पोरानं, सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमधून कामावरून येता येता भरलेला सिलेंडर आनला.

मीना म्हने, "आई, त्या म्यॅडमनं बदलू नका म्हनलतं न."
म्हनलं, तसं सगळेच पाहुने म्हनतेत. काही करू नका, चहा नका ठेवू. अन् आपन ठेवला नाई तर?

१२ नोव्हेंबर
झालं. तिनी दिवस चकचकीत. स्नेहल पऱ्हाटीचा भारा सकाळी काट्यावर तोलत होती, दुसऱ्या दिवशी उरलेला तोलत होती. भारा कमी व्हावा म्हनून पानी तापवलं मागच्या आंगनात, तीन विटा मांडून. निळ्या वहीत "चूल" लिहिलं. खोटं कुठी आहे? पानी पऱ्हाटीवरच तापलं.

आरू आंगनात मनीसंग खेळली. मनी म्हनजे आमची मांजर, पिवळी.

जाकिटातला कागद काढला तवा मी पाह्यला. पांढरा. स्नेहलनं उजेडात धरून लय वेळ पाह्यला.

आ. तिनी दिवस चांगली. एकदाबी घरघर नाई. हे मी लिहून ठेवते फक्त, त्याच्यावर विचार नाई करत.

२९ नोव्हेंबर
स्नेहल कागद घेऊन आली. त्याच्यावर रेघ, चढ नाई की उतार नाई. "आजी, तुमच्या घरात धूर अपेक्षेपेक्षा खूपच कमी आहे. सगळ्या गल्लीतच." तिचं तोंड काही खुशीचं नव्हतं. भिंतीकडे पाहत होती. मी तिले गॅसवर चहा करून देला.

कागद देव्हाऱ्याजवळ खिळ्याले लावला. कोनी सांगो न सांगो, मनात एक होतं. आता कागदच बोलला. आरूच्या घरघरीचं कारन माही चूल नाई. आज चार भाकरी जास्तीच्या टाकल्या, कमलच्या घरी देल्या.

मीनानं कागदाकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. भांडे घेऊन गेली.

आ. घरघर. हवा थंड आहे.

८ डिसेंबर, सोमवार
लिहाले जमत नाई, तरी लिहिते.
सकाळी चानकी खाता खाता आरूले श्वास पुरेना. छाती आत जात होती, बरगड्या मोजून घ्याव्या अशी. ओठ कसेतरीच. प्रकाशनं मोटरसायकलवर मीना अन् आरूले घेतलं, मी मागून एसटीनं. वर्ध्याचा मोठा दवाखाना. नाकातोंडावर वाफेची नळी. जाकीट घातलं की हासनारी पोट्टी नळी पाहून हात जोडत होती.

डॉक्टरनं विचारलं, घरी चूल आहे का? मी पिशवीतून कागद काढला. हौ, मी संग नेलता. त्यायनं वाचला. म्हने, हे मोजमाप पाहता धुराचं कारण दिसत नाही. धूळ असेल, घरात मांजर-कुत्रं आहे का?
मीनानं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.
तिनं तोंड मिटलं.

१० डिसेंबर
आरू घरी. अशक्त.
मनीले प्रकाशनं पोत्यात घालून केळझरच्या रस्त्यावर सोडून देलं. पोतं आतून हालत होतं. आरूनं जेवन टाकलं. मी तिले चुलीपाशी घेऊन बसली, पाटावर, गोष्टी सांगतल्या. आता मांजर नाई, आता बरी होशीन माय.
पऱ्हाटी ओलसर आहे, फुंकून फुंकून डोळे गेले.

१७ डिसेंबर
आ. घरघर.
मनी जाऊन आठ दिस झाले.

२२ डिसेंबर
सकाळी परत तसंच. या वेळी दवाखान्यानं सांगतलेली वाफेची मशीन घरी आनली होती, तिच्यावर भागलं. आरू निजली तवा मीना माह्यासमोर येऊन बसली. सात वर्षांत माह्यापुढं मोठ्यानं बोलली नाई. आजबी मोठ्यानं नाई बोलली.

"आई, तो कागद खोटा आहे. तुमाले माहीत आहे, मले माहीत आहे. तुमी डॉक्टरले दाखवला, अन् मी गप्प बसली. आपन दोघीनं मिळून तिचा श्वास..."


मी म्हनलं, प्रकाश बी असाच वाढला चुलीपाशी. माह्या सासूनं घातलेली चूल आहे.
म्हने, "हौ. अन् तुमच्या सासूबाई कायनं गेल्या?"
खोकल्यानं. पाच वर्षं बाजेवर बसून झोपत होती. आडवं होता येत नव्हतं.

दुपारच्या गाडीनं मीना आरूले घेऊन माहेरी गेली, पुलगावले. आरू जाकीट मागत होती. ते स्नेहलपाशी आहे म्हनून समजावलं.

३० डिसेंबर
घरात कोनी नाई. प्रकाश जिनिंगमध्ये, येते अन् झोपते. मी एकटीपुरती चूल पेटवते. पाट तिथंच आहे.
मीनाचा फोन. आठ दिवसात एकदाबी घरघर नाई. तिच्या माहेरी सगळं गॅसवर. आरूनं गानं म्हनून दाखवलं, पुरं, मधात न थांबता. मले कधी पुरं ऐकू आलंच नवतं ते. मी इतली खुश झाली की फोन हातातून पडला. मंग चुलीपुढं जाऊन बसली अन् पेटवलीच नाई. मुरमुरे खाल्ले.

४ जानेवारी, रविवार
कमलकून तिच्या फोनवर नंबर लावून घेतला, स्नेहलले फोन केला. सगळं सांगतलं. भिंत, गॅस, तीन विटा, आंगन, दवाखान्यातला कागद, मांजर.
मंग तिनं विचारलं. 
"आजी, किती घरांनी असं केलं?"
आठी घरं. माह्या सांगन्यावरून.
"मी ते आकडे पुढे पाठवले आहेत. दुसऱ्या गावांच्या आकड्यांमध्ये मिसळले आहेत." मंग म्हने, "भिंत पांढरी दिसली तेव्हाच मला विचारायला हवं होतं. मला वाटलं, चांगलं निघालं तर काय वाईट."
रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या सरांना लिहावं लागनार. दोन वर्षांचं काम आहे तिचं.

कमल बाजूलेच उभी होती, सगळं आयकत. "तूच म्हनलं गॅसवर करा, अन् आता तूच नाव सांगून आली? आमाले का खोटारडं ठरवाचं होतं?" फोन हिसकून गेली.

९ जानेवारी
नळावर कोनी बोलत नाई. हंडा भरला, आली.

१२ जानेवारी
स्नेहल आली. बारीक झाली आहे. सर म्हने आठी घरं बाद करा, नाईतर परत मोजा, खरं खरं. पन घरात लेकरू असलं तरच घर अभ्यासात धरता येते. आरू कुठी आहे विचारलं.

मीनाले फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हने, "म्हनजे मशीनसाठी पोट्टीले परत धुरात बसवू? आई, तुमी सांगा. बसवू?"
मी नाई म्हनलं. स्नेहलबी नाई म्हने. तिच्या डोळ्यात पानी होतं का धूर, पेटलेली होती चूल.

१४ जानेवारी, संक्रांत
कमल आली. दारातूनच हात पुढं केला. "तिळगूळ घे. पन गोड बोलनार नाई मी." मंग आत येऊन बसली. तिचा नातू बी रोज सकाळी खोकलते. म्हने, मी या वेळी जशीच्या तशी चूल पेटवीन अन् नातवाले भावाकडे पाठवीन. मंग माहं घर धरतीन का? म्हनलं, नाई धरत. म्हने, "हे कसं वो शास्त्र, लेकरू धुरात बसलं तरच ऐकते?"
मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. 

१९ जानेवारी, सोमवार
मीच स्नेहलले म्हनलं, जाकीट आन. ते पाटावर ठेवू, उशीले घालून, आरू बसते तितल्याच उंचीवर. लेकराच्या खान्यात भरू नको. नुसतं लिही: आजीच्या बाजूचा पाट.
ती म्हने, सर मानतील की नाही सांगता येत नाही.
नाई मानलं तर नाई. मले पाहाचं आहे.

उशीले जाकीट घातलं. गुंड्या लावल्या. चूल पेटवली, रोजच्यासारखी, भिंत परत काळी होऊन राह्यली तिले हात नाई लावला. बाजूले टिकटिक. सवयीनं चानकी झाली हातून. तव्यावर टाकल्यावर समजलं. उशीपुढं ठेवली, मंग उचलली. निळ्या वहीत लिहिलं: चूल. या वेळी ते खरं आहे.

२२ जानेवारी
तीन दिवस झाले. स्नेहलनं डबी उघडली.
काळा. तव्याच्या बुडासारखा, मधातून जास्त. बोट लावू देलं नाई, तोलाचा आहे म्हने. आधीचा पांढरा तिनं आनला होता, बाजूले ठेवला. मी दोनी पाह्यले. माह्या मोठ्या जाकिटातला पाहाले मले नाई वाटलं. तिनं झाकून पिशवीत टाकला.

ती गेली. सर मानतीन का नाई, माहीत नाई. खिळ्यावरचा कागद काढला, तो खोटा आहे हे डॉक्टरले नेऊन सांगाचं आहे, प्रकाश म्हने येत्या सोमवारी जाऊ. पाट उचलून बाहेरच्या दारापाशी ठेवला. चूल तशीच आहे. कुदळ काढली होती, परत ठेवली. चाळीस वर्षं रोज हात लावलेली जागा आहे.

सांजच्याले मीनाचा फोन. "आई, कसा निघाला?"
म्हनलं, काळा.
 कधी येता म्हनून मी विचारलं नाई. विचाराचं तोंड नाई.
मंग मागून आरूनं फोन ओढून घेतला. श्वासाचा आवाजच नाई, नुसती तीच.
"आजी, मनी आली का?"
"नाई माय, अजून नाई."
"येईन का?"
मी दारात दूध ठेवते रोज. सकाळी वाटी तशीच असते. आज बी ठेवली आहे.