कुसुमच्या दिलरुब्याला रंग

बेलापूर, मंगळवार, १९४६

लेक कुसुम देवाघरी गेली त्याला वर्ष झालं. ती गजानं वाजवायची तो दिलरुबा वन्संच्या मुलीला द्यायचं मी कबूल केलं, म्हणून आज स्वतःच पॉलिशला बसले. लाखेत लाल रंग मिसळून पातळ हात दिला. खालच्या लाकडाच्या रेषा छान दिसल्या. फक्त दांडी कुसुमच्या खांद्याला टेकायची, तिथं रंग धरेना. तिच्या वेणीचं तेल मुरलेलं. पुन्हा हात दिला, पुन्हा तेच.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, घासल्याशिवाय जायचं नाही ते. की द्यायचाच नाही मनातून?"

काचकागदानं घासलं. बोटांवरचा भुसा हुंगला. नुसतं लाकूड. रडूही आलं नाही. परत हात दिला. आता रंग सगळीकडे सारखा बसला आहे.