काट्याचे सेल

अगं,

तुला उठवलं नाही. सायकलच्या दुकानाच्या दारात जाऊन उभा राहतोय, उघडायच्या आधीच. काल बॅटरीवाल्या डोंगरी सायकलच्या फॉर्मवर तू माझं वजन शंभर लिहिलंस, कारण मीच तुला तेवढं सांगत आलोय. ती फ्रेम एकशेवीस किलोपर्यंतच टिकते म्हणाला ना तो दुकानदार? मी एकशेएकतीस आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे कळलं. बाकीचं आल्यावर सांगतो.

कालपासून जिवाला चैन नाही. डोळ्यांपुढे एकच दिसतंय, चढावर मागच्या चाकाच्या तारा तटातट तुटतायत आणि तू पुढे थांबून वळून बघतेयस. त्यांच्याकडे दीडशे किलोवाली आहे, जाड टायरची. दिसायला निव्वळ रेडा, पण तीच सांगतो. तू पसंत केलेल्या त्या निळ्या सायकलचा नाद सोड.

दूध उतू गेलं. ओटा पुसलाय, तरी वास येईल.

आणि वजनकाटा दुरुस्तीला नेऊ नकोस. तो बिघडलेला नाही. वर्षभर त्याचे सेल माझ्या दाढीच्या डब्यात आहेत. तेवढे घालून ठेव. आल्यावर तुझ्यादेखत चढतो.