चिखल्या आणि पळण्याचं मैदान

माय, आज माझ्याकडं भरतीच्या सरावाला आलेल्या एका पोरीला मी बूट काढायला लावले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, कातडी सोललेली. "चिखल्या हायत ह्या," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला तुझ्यासारखा ऐकू आला.

मी पोलीस भरतीसाठी जिंतूरच्या रस्त्यावर पळत होते, ते वर्ष आठवलं. बुटांचा एकच जोड, तोही सदा ओला. खाज सुटली तेव्हा शेजारच्या काकूंकडचं मलम चोपडलं. चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट चिघळलं. पाय टेकवेना. भरती महिन्यावर आलेली. सोयाबीनची खुरपणी टाकून तू मला एसटीनं दवाखान्यात नेलंस. डॉक्टरीणबाईंनी ते मलम बंद करून दुसरं दिलं आणि बजावलं, खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण लावायचं, बोटांमधली जागा कोरडी ठेवायची, मोजे रोज धुतलेले घालायचे.

तेव्हापासून घरात तुझंच राज्य. मी पाय धुऊन येते, तू लुगड्याचा स्वच्छ तुकडा पुढं करतेस. "बोटाबोटात पूस. घाई कशाला करायलीस?" बूट उन्हात, मोजे दारासमोरच्या दोरीवर. खाज गेली म्हणून मी मलम सोडलं, तर लय बोलणी बसली. "डॉक्टरीणबाई येडी हाय का मग?" दुसऱ्या खेपेला त्यांनी तुझेही पाय बघितले. खुरपणीच्या चिखलात तुलाही वर्षानुवर्षं तेच होतं, आणि तू कधी बोलली नव्हतीस. मग संध्याकाळी आपण दोघी ओट्यावर चार पाय पसरून बसायचो. कुणाची बोटं आधी बरी होतात याची पैज लागायची. तूच जिंकलीस, आणि आठवडाभर गल्लीत सांगत फिरलीस.

परभणीच्या मैदानावर मी पळाले, माझ्या तुकडीत पहिली आले. फाटकाबाहेर तू उभी. कितवी आलीस, हे विचारायच्या आधी खाली बसलीस. "बूट काढ." माझा पाय मांडीवर घेऊन एकेक बोट बाजूला करून बघितलंस आणि आजूबाजूच्या पोरींना म्हणालीस, "बघा, एक भेग न्हाई." सगळ्या हसल्या, तू सगळ्यांहून जास्त.

हा कागद वहीतच राहील. गुदगुल्या होतात म्हणत मी तेव्हा पाय ओढून घेतला होता ना, ते खोटं होतं. चारचौघींत लाज वाटली होती. घटकाभर बसू द्यायला हवं होतं तुला तसंच.